नादाराचा वकील

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, तिच्यातील गृहीतकाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पायरी चढावी की चढू नये, हे ठरवण्याची मोकळीक ज्याला आहे त्यालाच हा उपदेश करता येतो. पोलीस ज्याला बेडी घालून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात त्याला ती मोकळीक नसते. नवऱ्याच्या पश्चात दिराने जमीन बळकावलेल्या विधवेला ती नसते, आणि हिशेब न देता कामावरून काढून टाकलेल्या मजुरालाही नसते. ही माणसे पायरीवर येऊन उभीच असतात. कित्येकदा ती तेथे ओढून आणलेली असतात. आत गेल्यावर आपल्या वतीने बोलणार कोण, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न असतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात गेल्या शतकभरात कसे बदलत गेले, ते पाहणे उद्बोधक आहे. प्रारंभी गरिबाने आपली गरिबी सिद्ध करावयाची होती. पुढे त्याने वकील मागावयाचा होता. अखेरीस, त्याने मागितला नाही तरी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. तीन वाक्यांत सांगून संपणाऱ्या ह्या प्रवासाला प्रत्यक्षात कित्येक दशके लागली, आणि तो पुरा झाला असे आजही म्हणता येत नाही.

गरिबांचा कैवारी

गरिबाला न्यायदरबारी साहाय्य करावे हा विचार आधुनिक राज्यघटनांहून जुना आहे. लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाते, आणि तिच्या चिकाटीला कंटाळून तो तिचा न्याय करतो. ह्या दाखल्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. परंतु त्या विधवेला वकील नव्हता. तिच्यापाशी होती ती केवळ चिकाटी, ही गोष्ट क्वचितच आपल्या ध्यानात येते.

तेराव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात इव्हो नावाचा एक कायदेपंडित धर्मगुरू होऊन गेला. त्याचा जन्म १२५३चा. रेन व त्रेगिए येथील धर्मपीठांच्या न्यायालयांत त्याने न्यायाधीशाचे काम केले, आणि इतर न्यायालयांत अनाथ, विधवा व गरीब ह्यांची बाजू मोबदला न घेता मांडली. १३०३ साली तो निधन पावला आणि १३४७ साली पोप सहावे क्लेमेंट ह्यांनी त्याला संतपद बहाल केले. आजही तो वकिलांचा आश्रयदाता संत मानला जातो. मात्र इव्होचे कार्य ही एका सज्जनाची करुणा होती. तो होता तोवर त्रेगिएच्या गरिबांना वकील होता. करुणेला कायद्याचे रूप मिळावयास फार वेळ लागला. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १४९५ साली, दरिद्री फिर्याद्यास शुल्कावाचून दावा करू देणारा कायदा झाला. फ्रान्सने १८५१ साली ह्या साहाय्याची रीतसर व्यवस्था कायद्याने केली.

अंगावरचे कपडे वगळून

आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत दिवाणी दाव्यासाठी जी सोय झाली तिला लोक नादारीचा दावा म्हणत. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील तेहतिसावा आदेश हा तिचा आधार. दाव्याची कोर्ट फी भरण्याइतकी ऐपत ज्याला नाही तो नादार. आणि जेथे फी ठरलेली नाही, तेथे अंगावरचे आवश्यक कपडे व दाव्याचा विषय वगळून ज्याच्यापाशी शंभर रुपयांची मालमत्ता नाही, तो नादार. कायदा माणसाच्या अंगावरचे कपडे मोजावयाचे सोडतो, ह्यातच त्या व्यवस्थेचे सारे औदार्य आणि सारा संकोच एकवटला आहे.

अर्जासोबत आपल्या चीजवस्तूंची यादी जोडावी लागे, अर्ज सामान्यतः स्वतः कोर्टात हजर राहून द्यावा लागे, आणि प्रतिपक्षाला तसेच सरकारला 'हा खरा नादार नव्हे' असे दाखवून देण्याची संधी असे. इतके सारे पार पडल्यावर माफ होई ती कोर्ट फी. वकिलाच्या फीचा प्रश्न तसाच उरे. शिवाय दावा जिंकल्यास माफ झालेली फी सरकार वसूल करून घेई. म्हणजे कोर्टाचे दार किलकिले होई, परंतु आत बोलणारा कोणी नसे. १९७६च्या दुरुस्तीने 'कंगाल' ह्या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द जाऊन त्या जागी 'निर्धन व्यक्ती' ह्या अर्थाचा सौम्य शब्द आला, शंभराचे हजार रुपये झाले आणि निर्धनास वकील नेमून देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. तोवर अडुसष्ट वर्षे लोटली होती.

मुंबईत ह्याआधीच काही जागरूक मंडळींनी पुढाकार घेतला होता. १९२४ साली येथे 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' स्थापन झाली. देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तालुक्यापासून राज्यापर्यंत साहाय्य समित्यांची उतरंड असावी, अशी तिची शिफारस होती. आज जी रचना आपण पाहतो तिचे बीज ह्या अहवालात आहे. परंतु नव्या राज्यापुढे खर्चाच्या बाबी अनेक होत्या, आणि गरिबाचा वकील त्या यादीत खाली राहिला. अहवाल दप्तरी पडला.

'मागणे हे त्याचे काम'

१९५० साली राज्यघटना अमलात आली. अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क अनुच्छेद २२ने दिला. पण ज्याला वकील परवडत नाही त्याचे काय? १९५१ साली तारा सिंग ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर आज वाचताना मन खिन्न होते. वकील हवा असल्यास तो मागणे, किंवा नातलगांकरवी नेमवून घेणे, हे आरोपीचे काम; दंडाधिकाऱ्याने त्याला तशी संधी द्यावी म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असा त्याचा मथितार्थ होता. राज्याने स्वखर्चाने वकील द्यावा असा हक्क त्यातून निघत नव्हता. देहान्ताची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यांत अनेक उच्च न्यायालयांच्या नियमांनुसार सरकारी खर्चाने वकील मिळे. बाकीच्यांनी आपले आपण पाहावे, अशी स्थिती होती.

हा काही निर्दय न्यायाधीशांचा निवाडा नव्हता. कायद्याच्या शब्दांतून तेवढेच निघते, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. परंतु त्यामागे एक अदृश्य आरोपी गृहीत धरलेला होता: ज्याला लिहितावाचता येते, आपले हक्क ठाऊक आहेत, ज्याचे नातलग शहरात आहेत आणि जो भर कोर्टात तोंड उघडू शकतो. आपल्या तुरुंगांतून भरलेला माणूस असा नव्हता.

१९५८ साली एम. सी. सेटलवाड ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने चौदाव्या अहवालात ह्या विषयाला स्वतंत्र स्थान दिले. गरिबास कोर्ट फी, वकील व आनुषंगिक खर्च ह्यांसाठी मदत मिळाली नाही, तर न्याय मागण्याच्या संधीतच समानता उरत नाही, असे आयोगाने निःसंदिग्धपणे मांडले. पुढे १९७० साली गुजरात सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुख्य न्यायमूर्ती पी. एन. भगवती. १९४९च्या समितीचे अध्यक्ष हे त्यांचे वडील. पित्याच्या हातून जे कागदावर राहिले ते पुत्राने पुन्हा हाती घ्यावे, असा हा योग होता.

१९७२ साली केंद्राने न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर ह्यांच्याकडे हेच काम सोपवले. हे गृहस्थ एके काळी केरळात कुळांचे व कामगारांचे खटले लढवीत. कम्युनिस्टांना कायद्याची मदत केल्याच्या आरोपावरून १९४८ साली त्यांनी महिनाभर तुरुंगही पाहिला होता. १९५७च्या केरळ मंत्रिमंडळात ते कायदामंत्री होते. कोठडीच्या आतून कायदा कसा दिसतो हे ठाऊक असलेला न्यायाधीश ह्या कामाला लाभला. पुढे भगवती व कृष्ण अय्यर ह्या दोघांच्या समितीने १९७७ साली देशव्यापी योजनेचा अहवाल दिला.

दरम्यान १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ आले. सत्र न्यायालयातील आरोपीला वकील नसेल व ऐपतही नसेल, तर न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील नेमावा, असे त्यात ठरले. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क राज्यघटनेत आला आणि ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आला. आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायाच्या संधीला मुकू नये म्हणून राज्याने मोफत कायदेसाहाय्य द्यावे, असे हा अनुच्छेद सांगतो. इतिहासाचा विपर्यास असा की, ही दुरुस्ती आणीबाणीतली. त्याच १९७६ साली, एप्रिलमध्ये, स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दिला होता; आणि त्या बहुमतात न्यायमूर्ती पी. एन. भगवती होते. तो निर्णय चुकीचा होता, अशी कबुली त्यांनी पुढे जाहीरपणे दिली. गरिबाच्या वकिलासाठी त्यांनी नंतर जे केले, ते वाचताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

तुरुंगाच्या भिंतीपलीकडून

कायद्याच्या पुस्तकातील शब्द जागे झाले ते तुरुंगांतून आलेल्या हाकांनी. १९७८ साली महाराष्ट्रातील होसकॉट खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्या हाती वेळेवर आली नाही, म्हणून अपिलाला चार वर्षांहून अधिक विलंब झाला, असे कैद्याचे म्हणणे होते. त्याची याचिका फेटाळली गेली. पण कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तत्परतेने मिळाली पाहिजे आणि वकील नेमण्यास तो असमर्थ असेल तर न्यायालयाने तो द्यावा, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी त्याच निकालात सांगून ठेवले. याचिका हरलेल्या माणसाच्या निमित्ताने पुढच्या हजारोंना हक्क मिळाला.

१९७९च्या जानेवारीत राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी ह्यांचे लेख 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये आले. बिहारच्या तुरुंगांत त्यांना असे कच्चे कैदी आढळले होते की, गुन्हा सिद्ध होऊन जास्तीत जास्त शिक्षा झाली असती तरी ते केव्हाच सुटले असते. खटलाच उभा राहिला नव्हता. दिल्लीच्या वकील पुष्पा कपिला हिंगोरानी ह्यांनी हे लेख सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले. हुसैनारा खातून ह्या महिला कैद्याच्या नावाने ते प्रकरण प्रसिद्ध झाले. जामीन मिळण्याजोग्या गुन्ह्यांतही ही माणसे आत होती, कारण जामिनाचा अर्ज करावा लागतो हे सांगणारा कोणी नव्हता. राज्याने स्वखर्चाने वकील देऊन त्यांच्यासाठी जामिनाचे अर्ज करवावेत, असा आदेश ९ मार्च १९७९ रोजी झाला. मोफत कायदेसाहाय्य हा अनुच्छेद २१ने दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ह्या प्रकरणातून सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी मुक्त झाले, असे सांगितले जाते.

पाठोपाठ भागलपूरचे भीषण प्रकरण उघड झाले. पोलिसांनी संशयितांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतले होते. त्या आंधळ्या झालेल्या माणसांपैकी बहुतेकांना पहिल्या हजेरीच्या वेळी वकील नव्हता. त्यांनी मागितला नाही आणि दंडाधिकाऱ्यांनी विचारले नाही. पैशाची चणचण हे राज्याने पुढे केलेले कारण न्यायालयाने डिसेंबर १९८०च्या आदेशात झिडकारले. वकील मिळण्याचा हक्क दंडाधिकाऱ्यापुढील पहिल्या हजेरीपासून सुरू होतो, आणि तो हक्क आहे हे आरोपीला सांगणे दंडाधिकाऱ्याला बंधनकारक आहे, असा दंडक घातला गेला.

मुंबईचा एक अहवाल

महाराष्ट्राच्या दृष्टीने १९८३चा शीला बारसे खटला महत्त्वाचा. मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा महिला कैद्यांना ह्या पत्रकार भेटल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. शीला बारसे ह्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने खऱ्याखोट्याचा शोध घेण्याचे काम निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांवर सोपवले. 'डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी' ह्या धर्मभगिनींच्या संस्थेने १९५५ साली सुरू केलेले हे महाविद्यालय आपल्या वाचकांना परिचित आहेच. न्यायालयाने पोलिसांचा वा तुरुंगाचा अहवाल न मागता समाजकार्याच्या अभ्यासकाला आत पाठवावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

अहवालातून जे बाहेर आले त्यात मारहाणीइतकीच अस्वस्थ करणारी एक बाब होती. दोन परदेशी महिला कैद्यांना एका वकिलाने फसवले होते. फीपोटी ठेवून घेतो असे सांगून त्यांचे निम्म्याच्या आसपास सामान व दागिने त्याने लाटले होते. वकील नसणे ही एक आपत्ती, आणि मिळालेल्या वकिलाने लुबाडणे ही दुसरी. १५ फेब्रुवारी १९८३च्या निकालात न्यायालयाने तपशीलवार निर्देश दिले. स्त्री संशयितांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात व तेथे महिला शिपाई असाव्यात. स्त्रीची चौकशी महिला पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटक होताच पोलिसांनी नजीकच्या कायदेसाहाय्य समितीला कळवावे. समितीने नेमलेल्या वकिलांनी तुरुंगांना पंधरवड्यातून एकदा भेट द्यावी. शहराच्या सत्र न्यायाधीशांनी, शक्यतो महिला न्यायाधीशांनी, कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात. गरिबाने वकिलाकडे जावे ही जुनी दिशा येथे उलटली आणि वकिलाने गरिबाकडे जावे असे ठरले.

मौनाचा अर्थ

१९८६ साली अरुणाचल प्रदेशातील सुक दास ह्या सरकारी कर्मचाऱ्याचे अपील आले. त्याला दोन वर्षांची सजा झाली होती. खटल्यात त्याला वकील नव्हता, आणि त्याने मागितलाही नव्हता. १९५१च्या न्यायाने पाहिले तर प्रश्न तेथेच मिटत होता. आता सरन्यायाधीश झालेल्या भगवती ह्यांनी म्हटले की, आपल्या देशात बहुसंख्य लोक ग्रामीण व निरक्षर आहेत. हक्क ठाऊकच नसलेल्या माणसाने तो मागितला नाही म्हणून तो नाकारता येणार नाही. शिक्षा रद्द झाली. ज्या मौनाचा अर्थ पस्तीस वर्षांपूर्वी 'त्याला वकील नको आहे' असा लावला जात होता, त्याचा अर्थ आता 'त्याला कोणी सांगितले नाही' असा लावला गेला. माझ्या मते ह्या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू हाच.

ह्या विचाराला कायम यंत्रणा देण्यासाठी संसदेने १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम केला. तो अमलात यावयास मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. मधल्या आठ वर्षांत अधिनियमालाच जणू वकील मिळत नव्हता. ९ नोव्हेंबर हा दिवस आता विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या अशी उतरंड उभी राहिली. १९४९च्या अहवालातील कल्पना सेहेचाळीस वर्षांनी देशभर मूर्त झाली. १९८२ साली गुजरातेत उना येथे सुरू झालेल्या लोकअदालतींनाही ह्याच अधिनियमाने कायद्याचे बळ दिले.

कोणाला साहाय्य मिळते, हे कलम १२ सांगते. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया व मुले, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त, मानवी व्यापाराला बळी पडलेले, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, ह्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्याने उत्पन्नाची मर्यादा ठरवावयाची असते. श्रीमंत घरातून बाहेर काढलेल्या स्त्रीपाशीही वकिलाचे पैसे नसू शकतात, हे ओळखून स्त्रीचे उत्पन्न न विचारण्याचे धोरण कायद्याने स्वीकारले, ही त्यातील शहाणपणाची गोष्ट होय.

उरलेली वाट

तरीही कागदावरचा वकील आणि उभा राहून भांडणारा वकील ह्यांत अंतर आहे. अत्यल्प मानधनावर नेमलेला वकील ऐनवेळी कागद हाती घेऊन उभा राहतो, हा प्रकार आपल्या न्यायालयांना अपरिचित नाही. २०१९ साली मध्य प्रदेशातील अनोखीलाल ह्या फाशीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला असे दिसले की, आरोपीसाठी वकील नेमला त्याच दिवशी त्याच्यावर आरोप ठेवले गेले होते. शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगण्यात आले. जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यांत किमान दहा वर्षे वकिली केलेलाच वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी सामान्यतः किमान सात दिवस मिळावेत, असे न्यायालयाने ठरवून दिले. त्याआधी २०१२ साली, मुंबईवरील हल्ल्यातील दहशतवाद्याच्या अपिलातही, पहिल्या हजेरीला वकील देण्याच्या कर्तव्याचा न्यायालयाने पुनरुच्चार केला होता. सर्वांत तिरस्कृत आरोपीच्या बाबतीत जो नियम पाळला जातो, तोच निरपराध्यालाही तारतो.

२०२२ साली राष्ट्रीय प्राधिकरणाने जिल्हा न्यायालयांत फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची योजना आणली. त्याच वर्षीच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते व त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांपैकी तिघांचा निकाल अद्याप लागावयाचा होता. ऑक्टोबर २०२४मध्ये सुहास चकमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, पोलीस ठाणी, टपाल कार्यालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणी जवळच्या साहाय्य कार्यालयाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक स्थानिक भाषेत लावावा. जो हक्क न मागताही मिळावयाचा, त्याची पाटी लावा म्हणून सांगण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर यावी, ह्यातच उरलेल्या कामाचे मोजमाप आहे.

पाटी वाचता न येणाऱ्याला ती वाचून दाखवणारा कोणी लागतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते; अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घेतले जाते; १५१०० ह्या क्रमांकावर चौकशी करता येते. ही माहिती आपल्या वाड्यांतल्या, चाळींतल्या, महिला मंडळांतल्या ज्या एका स्त्रीला तिची गरज आहे तिच्यापर्यंत पोहोचवणे हे कायदेपंडितांचे काम नव्हे. दाखल्यातील विधवा दार ठोठावीत राहिली, कारण दार कोठे आहे हे तिला ठाऊक होते. ज्यांना ते ठाऊक नाही, त्यांच्यासोबत दारापर्यंत चालत जाणे एवढे तर आपल्या हाती आहे.